खालची खोली

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीच्या आईस,

तुझ्या नावाआधी 'सौ.' लावायचं की नाही, याचा निकाल मला इतक्या वर्षांत लागला नाही. म्हणून पाकिटावर मी नेहमी नुसतं नाव घालत आले. आज तेही घालवत नाही, इतकी रागावले आहे.

फोन केला असता. पण हॉस्पिटलच्या धुलाईघरात त्या यंत्रांशेजारी उभं राहून माझे कान गेलेत, हे तुला माहीत आहे. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं मी रागाच्या भरात मनानेच ऐकते. त्यापेक्षा कागद बरा.

धाकटा येऊन गेला. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर विरलेली. माझा भाऊ आहे, पण आई गेल्यावर मीच त्याला न्हाऊमाखू घातलंय, त्यामुळे त्याचा चेहरा मला वाचता येतो. तो म्हणाला, तू पोरीला घेऊन घर सोडलंस, आणि आता वकिलीण लावून त्या घराचा अर्धा वाटा मागतेस. दर महिन्याला तो भिंगरीचा खर्च पाठवतो, तरी तुझं समाधान नाही म्हणे. आणखी एक गोष्ट त्याने खाली मान घालून सांगितली. तुझ्या नव्या जागेच्या दाराबाहेर पुरुषाचे बूट असतात.

मी कोर्टकचेरीतली बाई नाही. पण इतकं कळतं की लग्नच केलं नाही, तर वाटणी कसली? तुम्ही दोघं तेव्हा हसत होतात, "ताई, कागदाने काय होतं?" आता बघ काय होतं ते.

भिंगरीला खोकला आहे असं तो म्हणाला. तिच्या छातीला गरम कपडा बांधत जा. तिच्यावर माझा राग नाही.

तुझी (अजून तरी)
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताई,

बूट माझ्या वडिलांचे आहेत. आई गेल्यापासून ते एकटेच होते, जानेवारीत इकडे आले. जागा आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या मागच्या गल्लीत आहे, रहदारी चालूच असते. दाराशी बूट दिसले की कुणी उगाच बेल वाजवत नाही, असं त्यांचं म्हणणं. पॉलिश करून मुद्दाम बाहेर ठेवतात. तुमच्या भावाने बेल वाजवली असती तर दार त्यांनीच उघडलं असतं.

आता घर का सोडलं ते. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते.

लॅबमधलं थोडं काम मी घरी आणायचं ठरवलं होतं. कवळ्यांना शेवटचा हात फिरवायला खिडकीजवळ एक टेबल हवं होतं, भिंतीला पक्कं केलेलं, नाहीतर हात हलतो. सुतार येऊन भिंतीला भोकं पाडून गेला. संध्याकाळी हा आला, भोकांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मला विचारायला हवं होतंस. भिंत माझी आहे." मला वाटलं गंमत करतोय. मी हसले. तो हसला नाही.

त्याने नोकरी सोडून लिफ्टदुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढला, हे तुम्हाला माहीत आहे. भागीदार सगळी गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला, हे बहुधा नसेल. धंद्यासाठी त्याने घरावर दुसरं कर्ज काढलं होतं. ते मला बँकेच्या माणसाकडून कळलं. दाराशी उभा राहून तो मला "वहिनी" म्हणत होता आणि हप्ते कधी भरणार विचारत होता. त्यानंतर आम्ही दोघं जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. हात उगारला वगैरे काही नाही. पण ज्या घरात मी इतकी वर्षं भांडी घासली, त्या घरात मी पाहुणी आहे, हे त्याने दर आठवड्याला नव्याने ऐकवायला सुरुवात केली. भिंगरी मला विचारायला लागली, आई, आपण बाबांच्या घरी राहतो का? त्या दिवशी मी बॅग भरली.

वकीलबाई म्हणाल्या, लग्नाची बायको असतीस तर गोष्ट वेगळी होती. आता ज्याच्या नावावर घर, त्याचं ते. मी पैसे घातलेत हे दाखवता आलं तरच माझा वाटा. मुलीचं तसं नाही. आईबाप लग्नाचे असोत नसोत, तिचा खर्च बापाने द्यायचाच, आणि तो तिचा हक्क आहे, माझा नाही. तो खर्च त्याने सुरुवातीला दोनदा दिला. मग बंद. म्हणतो, परत राहायला या, वेगळा खर्च कशाला?

घर घेताना सुरुवातीची रक्कम मी दिली होती. लॅबमधला माझा अर्धा हिस्सा भागीदारणीला विकला आणि तिथेच पगारावर राहिले. तिने रोख दिले, मी रोखच त्याच्या हातात ठेवले. घरच्या माणसाकडे पावती कोण मागतं? त्याचा पगार बँकेला दिसत होता, माझा दिसत नव्हता, म्हणून नाव त्याचं एकट्याचं लागलं. माझं नंतर घालू, लग्न नंतर करू. कागदाने काय होतं म्हणणारा माणूस आज मला कागद दाखवतोय.

तुम्ही तेव्हा समोरच बसला होतात. म्हणालात, "अगं, पोटापाण्याचं साधन विकलंस की." तेव्हा तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

भिंगरीचा खोकला गेला. तुमचा निरोप सांगितला, तर म्हणते आत्याला सांग, आता दात पडतोय.

तुमची
दातवाली

१ मार्च

चि. दातवाली,

उत्तराला उशीर झाला. गुडघ्याने धरलं होतं. माझी जागा तिसऱ्या मजल्यावर, एकदा वर आलं की खाली जायचं जिवावर येतं.

बुटांबद्दल मी उगाच मनात आणलं. तुझ्या वडिलांना नमस्कार सांग.

बाकी तू लिहिलंस ते वाचलं. भिंगरीच्या खर्चाचं मी त्याला विचारलं, तो चिडला. पैशाची ओढाताण आहे इतकंच म्हणाला. पण रकमेचं म्हणशील, तर त्या दिवसांचं मला नीट आठवत नाही. तुम्ही दोघं कमावत होता, घरात पैसा येत होता, जात होता. कुणाचे कुठून आले याचा हिशोब मी कशाला ठेवू? मी नुसती बघायला आले होते.

तू अजून परत जावंस असं मला वाटतं. आत्ता लग्न करून टाका. लोक पन्नाशीत करतात. त्याचा स्वभाव वाईट नाही, तो घाबरला की असा ताठ होतो. लहानपणीही मार बसणार असं दिसलं की पाठ ताठ करून उभा राहायचा.

भिंगरीसाठी स्वेटर पाठवते आहे. बाह्या जरा लांब झाल्यात, दुमडून घाल.

ताई

९ मार्च

ती. ताई,

स्वेटर मिळाला. भिंगरी घालून झोपते.

परवा तडजोडीची पहिली बैठक झाली. शाळेच्या मुख्याध्यापिका शोभतील अशा एक मध्यस्थ बाई होत्या. कोपऱ्यात मुलांसाठी ठोकळे ठेवलेले. तुमचा भाऊ आणि मी समोरासमोर बसलो. त्याने त्या बाईंना सांगितलं की घराची सुरुवातीची रक्कम त्याच्या बहिणीने दिली होती, आणि बहीण तसं लिहून देणार आहे.

तो तुमचं नाव घेत होता तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. बाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का? खोटं म्हटलं असतं, तर तुम्हाला खोटं म्हटल्यासारखं झालं असतं. तुमचं पहिलं पत्र रागाचं होतं, पण त्यात मला माझी ताई दिसत होती. दुसऱ्या पत्रात "नीट आठवत नाही" वाचलं तेव्हा ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं. तुम्ही तसं का लिहिलं होतंत ते आता कळलं.

तुम्ही लिहून देणार आहात का? हो की नाही, एवढंच कळवा. पुढची बैठक २० एप्रिलला आहे.

दातवाली

२ एप्रिल

चि. दातवाली,

तुला महिनाभर ताटकळत ठेवलं. हो की नाही, एवढ्यात माझं उत्तर बसत नव्हतं.

फोनवर मी त्याला हो म्हटलं होतं. ते खरं आहे. त्याने पाठवलेला कागद माझ्या कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली पडून आहे. सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.

गेल्या आठवड्यात मी न कळवता त्याच्याकडे गेले. दार उघडंच होतं. खालच्या खोलीत मोटरी, तारेचे दोर, लिफ्टची दारं, जुने पंखे, सगळं छतापर्यंत रचलेलं. पाऊल ठेवायला जागा नाही. स्वयंपाकघरात धुतलेली एकच ताटली. तो वर भिंगरीच्या पलंगावर झोपला होता, भर दुपारी. पाय पलंगाबाहेर लोंबकळत होते. मी उठवलं नाही. तिथेच तिच्या छोट्या खुर्चीवर बसून राहिले.

उठल्यावर मला बघून तो लाजला. मी चहा केला. मग सरळ विचारलं, "पैसे तिचे होते ना?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "होते."

मग त्याने जे सांगितलं, ते तुला माहीत नसेल, कारण आम्ही दोघं ते कुणाला सांगत नाही. आई गेली तेव्हा आमचं घर भाड्याचं होतं. मालकाने तेरा दिवसही होऊ दिले नाहीत, सामान जिन्यात आणून ठेवलं. मी कामावर होते. हा शाळेतून आला, तर पलंग, शिलाई मशीन आणि आईच्या औषधाच्या बाटल्या सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर मांडलेल्या. मी येईपर्यंत तो त्या पलंगावर बसून राहिला, कुणी नेऊ नये म्हणून. माझ्या नावावरच्या चार भिंतींतून मला कुणी काढू शकत नाही, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण तू तिला काढलंस." त्यावर तो उठून मागच्या अंगणात गेला.

त्याची कीव येते आणि रागही येतो. त्याला मी वाढवलंय. त्याच्याविरुद्ध मी तोंड उघडायचं म्हणजे स्वतःच्याच ताटात माती कालवायची. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मी तुला विचारणार नाही. तुझ्या बाजूने ते सोपं आहे.

२० तारखेला मी येणार आहे. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, आणि तिथे माझ्याशी बोलायला येऊ नकोस. काय बोलायचं ते मला एकटीला ठरवू दे.

ताई

२४ एप्रिल

ती. ताई,

तुम्ही न भेटता निघून गेलात. तुम्हाला आत बोलावलं तेव्हा आम्ही बाहेर बाकावर होतो, मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे भिंगरी पाय हलवत. तुम्ही बाहेर आलात, भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागलात. तो "ताई" म्हणून उठला. तुम्ही ऐकलं नाहीत, की ऐकू आलं नाही, कळलं नाही.

आत काय बोललात, बाईंनी सांगितलं नाही. आम्हाला आत घेऊन त्या फक्त म्हणाल्या की रकमेबद्दल आता वाद उरलेला नाही. तुमचा भाऊ पाठ ताठ करून बसला होता.

ठरलं ते असं. घर विकायचं. आधी बँकेची दोन्ही कर्जं फेडायची. उरेल त्यातून माझी सुरुवातीची रक्कम मला, बाकीचे निम्मे निम्मे. कर्जं इतकी आहेत की निम्मं म्हणून जे येईल ते थोडंच. भिंगरीचा खर्च त्याच्या पगारातून परस्पर कापून माझ्याकडे येणार, कारण तो जुन्या कंपनीत परत जातोय. रविवारी भिंगरी त्याच्याकडे. सही करताना त्याने एकच विचारलं, रविवारी तिला आणायला आत यायचं की बाहेर थांबायचं? मी म्हटलं, आत ये. वडील काही म्हणणार नाहीत.

मी जिंकले असं वाटायला हवं होतं. घरी येऊन भांडी घासली आणि झोपले.

आता मला वेगळंच विचारायचं आहे. जिना उतरताना तो माझ्यामागून आला. भांडायला नाही. हळूच म्हणाला, "घर गेलं, म्हणजे ताईची खोलीही गेली. तिला तिसऱ्या मजल्यावर चढवत नाही. येत्या जूनमध्ये तिचं काम सुटतंय. मी तिला खालची खोली देणार होतो. हे तिने तुला लिहिलं का?"

नाही लिहिलंत. गुडघे लिहिलेत, तिसरा मजला लिहिलात, खालच्या खोलीतल्या मोटरीसुद्धा लिहिल्यात. ती खोली तुमची होणार होती, एवढंच लिहिलं नाहीत. ताई, का?

आमची जागा लहान आहे, पण तळमजल्यावर आहे. वडील बाहेरच्या खोलीत झोपतात. भिंगरी आणि मी आत. तुम्ही आमच्याजवळ आत झोपायचं. हे मी उपकार फेडायला लिहीत नाही.

तुमची
दातवाली

१८ मे

चि. दातवाली,

का लिहिलं नाही ते सांगते. लिहिलं असतं, तर तुला माझी दया आली असती. दया आली की माणूस दोनपैकी एक करतं, हक्क सोडतं किंवा समोरच्याला देवपण देतं. मला दोन्ही नको होतं.

आणि खोलीसाठीच मी त्याला हो म्हटलं होतं. आधी वाटलं भावासाठी म्हटलं. त्या दिवशी चहा पिताना त्याने मला विचारलं, "ती तुला खोली देणार आहे का?" तेव्हा कळलं की त्याला माझी किंमत बरोबर ठाऊक होती. राग आला तो त्याचा नाही, माझा आला. कारण त्याचा भाव चुकला नव्हता. माझी नजर सारखी त्या मोटरींवरून फिरत होती, आणि मनात मी त्या बाहेर काढून खिडकीखाली माझा पलंग लावून पाहत होते.

आत मी एकच वाक्य बोलले. "पैसे तिने दिले, मी समोर होते, आणि माझा भाऊ घाबरलेला आहे, लबाड नाही." शेवटचं लिहून घ्या असं मी त्या बाईंना दोनदा सांगितलं. त्यांनी लिहिलं की नाही कोण जाणे. "ताई" मला ऐकू आलं होतं. वळले असते तर पाय निघाला नसता.

तुमच्याकडे येणार नाही. मनापासून बोलावलंस, ते पोचलं. पण मी तुझ्या घरी राहायला लागले, तर तो रविवारी आत येणार नाही. बाहेर फाटकाशीच उभा राहील. त्याला कुणीतरी असं हवं, जे तुझ्या बाजूला राहत नाही. धुलाईघरातली एक मैत्रीण नुकतीच एकटी पडली आहे. तिची तळमजल्यावरची जागा आहे, रस्त्याला लागून, दार उघडलं की पादचारी. अर्धं भाडं मी देणार. ती घोरते, पण मला कुठे ऐकू येतं?

त्याचा फोन नाही. मीही करत नाही. केला तरी अर्धंच ऐकू येणार.

ताई

१० ऑगस्ट

ती. ताई,

घर विकलं गेलं. किल्ली द्यायला दोघं गेलो होतो. घेणाऱ्या बाईंनी भिंतीतली भोकं दाखवून विचारलं, इथे काय होतं? तो म्हणाला, "टेबल बसवायचं होतं, राहून गेलं." तेवढंच.

भिंगरीचा खर्च या महिन्याला वेळेवर आला. मागच्या महिन्याला आला नव्हता, कंपनीची चूक म्हणाला. खरं असेलही. मी लॅबमधला हिस्सा परत विकत घेण्याचं बघतेय, भागीदारण अजून नाही म्हणते.

भिंगरीने रविवारी बाबाला सांगितलं की आत्याकडे जायचं. तो नाही म्हणाला नाही. या रविवारी घेऊन येईल असं वाटतं. तुम्हाला न कळवता आला तर रागावू नका.

दातवाली

१९ ऑगस्ट

चि. दातवाली,

आला होता.

दारात उभा राहिला. उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही. "हिला तुला भेटायचं होतं," म्हणाला आणि बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला. मी आत ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो उठून गेला असता, इतका मी त्याला ओळखते.

भिंगरीने सगळं घर उलटंपालटं केलं. मैत्रिणीच्या पलंगावर उड्या मारल्या, बशीभर बिस्किटं संपवली, पडलेल्या दाताची जागा मला चार वेळा दाखवली. तुझ्याबद्दल, बाबाबद्दल, शाळेतल्या कुठल्यातरी भांडखोर मुलीबद्दल एका दमात सांगत होती, मला निम्मं कळलं. मधेच म्हणाली, आत्या, बाबा बाहेर उन्हात आहे.

मी पाण्याचा ग्लास भरून तिच्या हाती दिला. कुणी पाठवला ते सांगू नको, म्हटलं. ती दारात गेली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, आत्याने पाणी दिलंय, पण सांगायचं नाही." मी आतून बघत होते. त्याने तो ग्लास बराच वेळ नुसता हातात धरला. पाठ नेहमीसारखी ताठ. मग ती हळूहळू वाकली, आणि तो प्यायला.

रिकामा ग्लास तिनेच आत आणून दिला. जाताना तो माझ्याकडे बघून काही बोलला. तोंड हललं, मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा बोल असं म्हणायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी पायरीजवळ सावलीत एक खुर्ची ठेवणार आहे. त्याच्यासाठी म्हणून नाही. नुसती ठेवणार आहे.

ताई